प्रवासी शून्य

विमानात वर बसलेल्या माणसाला आपल्या पायाखाली काय आहे याची कल्पना नसते. फार तर आपल्या बॅगा असतील, एवढंच त्याला वाटतं. माझं नोकरीतलं उभं आयुष्य त्या पायाखालच्या जागेत गेलं, म्हणून सांगतो. तिथं गुलाब असतात, पेढे असतात, कुणाच्या तरी कारखान्याचा अडलेला सुटा भाग असतो, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं असतात, आणि कधीकधी एखादा माणूसही असतो, ज्याला आता खिडकीजवळची जागा नको असते. वर चहापाणी चाललेलं असतं आणि खाली हे सगळं गाव निघालेलं असतं.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘आकाशातले अनुभव’ लिहायला सांगितले होते. मी म्हटलं, अहो, मी आकाशात फारसा गेलोच नाही. मी जमिनीवरचा माणूस. विमान आलं की त्याचं पोट रिकामं करायचं आणि ते निघायच्या आत पुन्हा भरायचं, हे माझं काम. हुद्द्याचं नाव लोडिंग सुपरवायझर. आमच्या गावात, भोरजवळच्या उत्रोलीत, मात्र मला सगळे ‘विमानवाला’च म्हणतात, आणि अजूनही गावावरून विमान गेलं की पारावरची मंडळी माझ्याकडं बघतात, जणू मीच ते सोडलंय. कोणता विमानतळ आणि कोणती कंपनी, ते इथं लिहीत नाही. जुने साहेब अजून दिवाळीला फोन करतात, ते बंद पडायला नकोत.

सामान भरायचं, त्यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. पण ज्यानं भाताच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी पाहिलीय, त्याला माझं काम लगेच कळेल. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळते, पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. विमानाचंही तसंच. फरक एवढाच, की उलाळलेली गाडी चार माणसं खांदा देऊन सरळ करतात, विमानाला वर खांदा द्यायला कुणी नसतं. म्हणून कोणता माल पुढच्या कप्प्यात, कोणता मागच्या, हे आधी ठरतं. वर प्रवासी किती आणि कोणत्या भागात बसलेत, तेही त्यात धरावं लागतं. आपल्याला पुढची जागा का मिळाली नाही म्हणून काउंटरवर भांडणाऱ्या माणसाला कधीकधी माझ्यामुळं मागं बसावं लागायचं. त्याला ते कुणी सांगत नसे.

एकदा एक कॅप्टन उतरल्या उतरल्या माझ्याकडं आले. मोठे शिस्तीचे गृहस्थ. म्हणाले, “खाली काय भरलं होतं? मागच्या रांगेतल्या एक बाई सारख्या सांगत होत्या की तुमचं इंजिन चिवचिवतंय.” मी पिल्लांची खोकी दाखवली. त्यांनी एका खोक्याच्या भोकातून आत पाहिलं, आणि एवढा रागीट माणूस, पण तिथून हलेनाच. शेवटी पुढच्या फेरीला उशीर व्हायला लागला तेव्हा त्यांना आठवण करून द्यावी लागली.

असे दिवस होते. रोजची पळापळ, रोजच्या शिव्या, आणि विमान वेळेवर सुटलं की मिळणारा तो एक निवांत चहा. त्या चहाची चव पुढं कुठल्याच चहाला आली नाही.

मग कोरोना आला आणि सगळं बंद झालं. ओळीनं विमानं उभी, इंजिनांच्या तोंडांना कापडाची झाकणं, आणि जिथं आवाजानं कान फुटायचे तिथं पाखरांचं बोलणं ऐकू यायला लागलं. एका विमानाच्या चाकाजवळ टिटवीनं अंडी घातली होती. आम्ही जवळून गेलो की ती अंगावर यायची. आमच्या सोपाननं तिच्याभोवती दगडांचं कुंपण केलं. सोपान म्हणजे आमचा सगळ्यात जुना लोडर, किकवीचा. लोडर म्हणजे प्रत्यक्ष खोकी उचलणारी माणसं. विमानतळावर सगळ्यात जास्त वजन तेच उचलतात, आणि विमानात प्रवासाला सगळ्यात कमी तेच बसतात.

प्रवासी बंद झाले, पण औषधं, मास्क, तपासणीची किट यांना तर पोचायचंच होतं. मालवाहू विमानं पुरेनात. तेव्हा कुणीतरी डोकं चालवलं, की प्रवासी विमानं रिकामी उभी आहेत, त्यांचं पोट भराच, पण वर खुर्च्यांवरही माल ठेवा. नियम आले. खोकं खुर्चीच्या पाठीपेक्षा उंच नको. प्रत्येक खोक्याला पट्टा, वरून जाळी. संकटकाळी उघडायच्या दारांपुढं काहीही ठेवायचं नाही. सगळं ठीक होतं. पहिल्या दिवशी आमचं घोडं अडलं ते भलतीकडंच.

आमची माणसं खोकी खांद्यावर घेऊन शिडी चढली आणि दारात थांबली. पुढचा हलेना, मागचे शिडीवर ताटकळले. मी खालून ओरडत वर गेलो, तर सोपान खोकं बाजूला ठेवून बुटाची नाडी सोडत होता. त्याचं बघून बाकीच्यांनीही बूट काढायला सुरुवात केली होती. सेफ्टी शूज सक्तीचे. आमचा सुरक्षा अधिकारी खालून हे बघून लालबुंद झाला.

“सोपान, काय चाललंय?”

“साहेब, आत गालिचा हाय,” तो म्हणाला. “खुर्च्या हायेत. मानसं बसत्यात हितं. बुटानं कसं जायाचं?”

जन्मभर या लोकांनी विमानाचं पोटच पाहिलं होतं. माणसांच्या जागेत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणाच्या घरात शिरताना जे पायांना कळतं ते त्यांच्या पायांना तिथंही कळलं. मला हसावं की काय करावं ते समजेना. अखेर पीपीई किटमधल्या बुटांवर चढवायच्या पिशव्या प्रत्येकाला वाटल्या, तेव्हा अधिकाऱ्याचा नियमही राहिला आणि सोपानचं मनही. पुढं ते महिनोनमहिने पिशव्या घालूनच चढत. सोपान प्रत्येक खोक्याला पट्टा आवळला की वर हलकी थाप मारायचा आणि म्हणायचा, “बस आता गप.”

त्याच काळात मालाच्या फाटकावर एक आजोबा आले. भोरच्या बाजूचे, धोतर-टोपी, तोंडाला उपरणं. हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. त्यांची लेक दिल्लीला, आणि तिच्या घरी सगळे तापानं अंथरुणाला खिळलेले. आजोबांनी कुठून तरी ऐकलं होतं की दिल्लीहून विमान भरून येतं आणि जाताना रिकामं जातं.

“रिकामंच चाललंय न्हवं?” ते म्हणाले. “मग ह्यो डबा ड्रायव्हरपाशी द्या. लेकीच्या शेजारचा मानूस घ्यायला यील.”

आमच्याकडं एसटीनं डबा पाठवायची रीत आहे. भोरला शिकणाऱ्या पोराचा डबा गावातून ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा, स्टँडवर पोरानं उचलायचा. त्यासाठी कधी चिठ्ठी लागली नाही की पावती. आजोबांच्या लेखी विमान म्हणजे जरा लांबची एसटी. मी त्यांना तपासणी, परवानगी, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमी कुठलं?”

“उत्रोलीचा.”

“उत्रोलीचं असून असं बोलताय व्हय,” एवढंच म्हणून ते डबा घेऊन परत गेले. विमान रिकामं गेलं. मी वागलो ते नियमानं बरोबरच होतं, आणि तरी ते आजोबा आठवले की आजही मला बरं वाटत नाही.

आता शीतलचं सांगतो, कारण खरं म्हणजे तिच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

शीतल माझी भाची, आक्काची मुलगी. आक्का माझी थोरली बहीण, वेल्ह्याकडं एका खोऱ्यात दिलेली. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरं, एवढीच शेती. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कष्टाळू, सरळ आणि कमालीचे हट्टी. शीतल कॉलेजात असताना एकदा माझ्याकडं राहायला आली होती. तिला मी विमानतळ दाखवला. तिथं ती गणवेशातल्या मुली बघत राहिली, आणि पुढं मला न सांगताच तिनं केबिन क्रूसाठी अर्ज केला. निवड झाली. आख्ख्या खोऱ्यातून विमानात नोकरीला लागलेली पहिली मुलगी. आम्ही पेढे वाटले. दाजींनी पेढा हातात घेतला, शेजारच्या कट्ट्यावर ठेवला, आणि मला म्हणाले, “पाव्हणं, तुमी माझी पोर ढगात घालवली. परक्या मानसांच्या पुढं चा घिऊन हिंडायला म्या तिला शिकिवली न्हवती.”

तेव्हापासून दाजींचा अबोला. माझ्याशी आणि शीतलशीही. आमच्याकडचा अबोला साधा नसतो, त्याला मध्ये एक माणूस लागतो. शीतल घरी आली, समोर बसली, तरी दाजी आक्काला सांगायचे, “तिला म्हनावं, जेवून घी.” शीतल म्हणायची, “आई, बाबांना सांग, मी जेवले.” बिचारी आक्का दोघांच्या मधला टपाल खात्याचा माणूस होऊन बसली होती. शीतल बाहेर हसून सांगायची, पण एकदा माझ्याजवळ रडली. म्हणाली, “मामा, ओरडले असते तर चाललं असतं. ते माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत.”

नोकरी लागून थोडेच दिवस झाले आणि विमानं बंद पडली. प्रवाशांची सवय व्हायच्या आधीच तिच्या वाट्याला खोकी आली. खुर्च्यांवर माल असला की विमानात क्रू लागतो. चहा द्यायला नव्हे, आगीवर लक्ष ठेवायला. विशेषतः बॅटरीवाली यंत्रं असली तर. पूर्ण प्रवासभर त्या पोरी पीपीई घालून मधल्या वाटेनं पुढंमागं फिरायच्या. शीतल जाता जाता खोक्यांना हाताची मागची बाजू लावून बघायची, लेकराचा ताप बघतात तशी.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा सगळ्यांना आठवतो. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. प्रत्येक घरात त्याचं काहीतरी शिल्लक आहे. आमच्या दाजींना ताप आला, मग दम लागायला लागला. वेल्ह्यात खाट मिळेना म्हणून त्यांना भोरला आणलं. गावाबाहेरच्या एका वसतिगृहात उपचार केंद्र उघडलं होतं, तिथं ठेवलं. आक्का माझ्या घरी उत्रोलीला येऊन राहिली. शीतल लागोपाठ ड्यूटीवर होती. दाजींनी आक्काला बजावलं होतं, “पोरीला कळवू नगंस. ती वर आसती, तिला घोर नगं.” बोलत नव्हते तिच्याशी, पण हे मात्र सांगितलं होतं.

एके दिवशी सकाळी मी कामावर असताना आक्काचा फोन आला. तिचा आवाज इतका बारीक होता की मला मोबाईल कानाला दाबून धरावा लागला.

“दत्ता, ह्यांचा आक्सिजन खाली चाललाय. डॉक्टर म्हनत्यात, शिलिंडर दिवस मावळंस्तोवर पुरंल. पुन्यात कुठं बी खाट न्हाई. आज इमानानं मशिनी यायच्यात म्हनं. तुला म्हाईत हाय का रं काय?”

मला माहीत होतं. दिल्लीहून ऑक्सिजन तयार करणारी यंत्रं येत होती, आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांना वाटायला. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, लाइट असली की झालं, सिलिंडर संपायची भीती नाही. कोणत्या तालुक्याला किती ते वर ठरलं होतं, भोरचंही नाव त्यात होतं. आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती. त्या विमानावर शीतल होती.

आक्काला म्हटलं, “दुपारपर्यंत विमान येतंय. मशीन संध्याकाळच्या आत भोरला येईल.” उभ्या नोकरीत मी कुणाला वेळेचं वचन दिलं नव्हतं. आमच्या धंद्यात कुणी देत नाही. त्या दिवशी दिलं.

विमान वेळेवर उतरलं, जागेवर येऊन उभं राहिलं, इंजिनं बंद झाली. आम्ही सगळे तयार. टेम्पो लागलेले, सोपानची माणसं पिशव्या बुटांवर चढवून उभी. आणि शिडीच आली नाही.

प्रवासी विमानाची शिडी ही वेगळ्या कंत्राटदाराची. विमानाचं दार जमिनीपासून मजलाभर उंच, शिडीशिवाय आतला आत, बाहेरचा बाहेर. मी फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे बोलत होता.

“सर, या विमानाला शिडीची मागणीच नाही.”

“मागणी नाही म्हणजे? विमान उभं आहे इथं.”

“सर, आमच्याकडं मेसेज आलाय, प्रवासी शून्य. प्रवासी शून्य असले की सिस्टीम शिडी लावत नाही.”

“आणि पायलट? क्रू? आतला माल?”

“माल तर खालच्या दारातून निघतो ना, सर?”

त्याचं तरी काय चुकलं? मेसेज पाठवणाऱ्यानं खरं तेच लिहिलं होतं, प्रवासी एकही नव्हता. वाचणाऱ्यानंही खरं तेच वाचलं. चूक शोधायला गेलं तर ती एकट्या शून्याचीच निघाली असती. शिडी पाठवतो म्हणाला, आणि परत त्याचाच फोन आला, की शिडी ओढणारा ट्रॅक्टर बरेच दिवस उभा होता, सुरू होत नाहीये, दुसरा मागवतोय. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

वर ऊन मी म्हणत होतं. इंजिनं बंद म्हणजे आतली हवा बंद. मागच्या दाराच्या काचेत एक पांढरं डोकं दिसलं आणि माझा मोबाईल वाजला.

“मामा, शिडी कुठंय? आत भट्टी झालीय.”

दाजींनी कळवू नका म्हटलेलं, आक्कानं पाळलेलं. पण तो माणूस आणि ती यंत्रं यांच्यामध्ये आता ही पोरच उभी होती. मला तिच्यापासून लपवून ठेवणं बरोबर वाटलं नाही.

“शीतल, बाबा भोरला ॲडमिट आहेत. ऑक्सिजनवर. सिलिंडर संध्याकाळपर्यंतच आहे. भोरची मशीनं तुझ्या विमानात आहेत.”

काचेतलं डोकं नाहीसं झालं. मला वाटलं खाली बसली. मग तिचा आवाज आला, विमानात शिकवलेलं सगळं शुद्ध बोलणं बाजूला ठेवून.

“भोर लिवलेली खोकी सगळ्यात मागं हायेत, मामा. शेवटच्या रांगांत. म्या हात लावून उभी हाय. तुमी कायबी करा, पर दार गाठा. न्हाईतर म्या वरनं उडी मारीन.”

“उडी मारू नको,” मी म्हटलं.

मागचं दार. ते जेवणाच्या गाडीचं दार. विमानात जे जेवण येतं ते शिडीवरून येत नाही. एक ट्रक असतो, त्याचा मागचा आख्खा डबा कात्रीसारख्या पायांवर वर उचलला जातो आणि विमानाच्या मागच्या दाराला चिकटतो. ती गाडी चालवायचे इक्बालभाई, कापूरहोळचे. माझ्याच वयाचे. सकाळच्या एसटीत आमची वर्षानुवर्षं शेजारी जागा ठरलेली. विमानात जेवण बंद झाल्यापासून त्यांच्या गाडीला काम नव्हतं. तरी ते रोज येऊन इंजिन सुरू करायचे, डबा एकदा वर न्यायचे, खाली आणायचे. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, की भाई, हवेला जेवण वाढताय काय. ते म्हणायचे, “गाडीला बी वाटाया पायजे, आपुन हाय म्हनून.”

मी धावत गेलो. त्या वयात मी धावलो हे माझंच मला नवल. भाई गाडीच्या सावलीत बसले होते. मी धापा टाकत दोन वाक्यांत सांगितलं.

“आपल्या शीतलच्या वडलांचं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत ते गाडीत चढले होते.

जेवणाच्या गाडीतून माल उतरवायचा असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ड्यूटीवर एक तरुण मॅनेजर बाई होत्या, नोकरीत नव्या, कडक म्हणून नाव असलेल्या. मी परवानगी मागितली. त्यांनी विमानाकडं पाहिलं, शिडी येईल त्या रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “डब्याच्या कडेला दोर बांधा, एका वेळी मोजकीच माणसं वर. मी इथं उभी राहते. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणायचं.” आणि खरोखर शेवटचं खोकं उतरेपर्यंत त्या उन्हात उभ्या होत्या.

डबा वर गेला, दाराला लागला, दार उघडलं. मागचं दार असल्यामुळं मागच्या रांगांतली खोकी पहिली आली, म्हणजे भोरची. पहिल्या खेपेबरोबर शीतलही खाली आली, जेवणाच्या ट्रे येतात त्या जागेतून, दोन खोक्यांच्या मध्ये उभी राहून. पीपीईच्या आत घामानं निथळलेली. तिची ड्यूटी संपली होती, विमान परत न्यायला दुसरी तुकडी होती. सोपाननं तिला पाण्याची बाटली दिली आणि पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडून बुटांवरच्या पिशव्या काढून पळत टेम्पो गाठला.

भोरच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी आणि ती. रस्ता एवढा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. कापूरहोळला ढाबे बंद, गॅरेजांची शटरं खाली, नाक्यावर एक पोलीस. त्यानं खोक्यांवरची अक्षरं वाचली आणि नुसता हात केला. भोरच्या रस्त्याला वळल्यावर शीतल एकदाच म्हणाली, “मामा, मला बघून ते तोंड फिरवतील का?” मी म्हटलं, “फिरवलं तरी मशीन लावू दे त्यांना आधी.” आज वाटतं, दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं.

केंद्रावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टर व्हरांड्यातच उभे होते, वाट बघत. यंत्रं उतरली तशी तिथंच उघडली गेली. थर्माकोल, पुठ्ठे, पिशव्या, सगळा व्हरांडा भरून गेला. पहिल्या दोन यंत्रांपैकी एक दाजींच्या खाटेशी गेलं. आम्हाला आत सोडेनात, ते योग्यच होतं. पण त्यांची खाट खिडकीला लागून होती आणि खिडकी उघडी होती.

मी त्यांना ओळखलंच नाही. एवढा रापलेला, दणकट माणूस उशीवर चिपाडासारखा पडला होता. नळी लावली, यंत्र घरघरायला लागलं. डोळे अर्धे उघडे, पण बघणं कुठं दिसेना. सिस्टर बोटाला लावलेल्या यंत्राकडं बघत होत्या. आकडा हलत नव्हता, मग जरासा हलला, पुन्हा थांबला. खिडकीबाहेर आम्ही सगळेच पीपीईत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. मी, शीतल, वॉर्डबॉय, यंत्रं उचलणारी पोरं. कोण बाई, कोण बाप्या, तेही कळायला मार्ग नव्हता.

शीतलला एका जागी उभं राहवेना. ती येरझाऱ्या घालायला लागली. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती बाहेरच्या गटारीच्या अरुंद कठड्यावरून चालत होती, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, परत या खिडकीपर्यंत. एका पावलापुढं दुसरं पाऊल, हात किंचित बाजूला. आमच्या डोंगराकडच्या पोरी अशाच चालतात. खाचराचा बांध वीतभर रुंद, दोन्हीकडं चिखल, डोक्यावर बापाच्या न्याहारीची पाटी. चालणं शिकतात ते तिथंच.

दाजींची मान हलली. ओठ हलले. सिस्टर खाली वाकल्या. मग आवाज आला, फाटका, पण आम्हाला बाहेर ऐकू येण्याइतका.

“हळू चाल, बाय. बांध वला हाय.”

शीतल कठड्यावरच थांबली.

डॉक्टरांनी विचारलं, “काय म्हणतायत?”

“बरळतायत,” सिस्टर म्हणाल्या. “ऑक्सिजन कमी झाला की होतं असं.”

शीतल खिडकीचे गज धरून उभी राहिली. गॉगलच्या आत डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि पुसता येत नव्हतं. “व्हय बाबा,” ती म्हणाली. “हळूच चालतीय.”

दाजी वाचले. महिन्याभरानं घरी गेले. त्या यंत्रानं वाचले की औषधानं की आक्काच्या नवसानं, ते मी सांगू शकत नाही. शीतल त्यानंतर पहिल्यांदा गावी गेली तेव्हा मीही बरोबर होतो. दाजी ओट्यावर बसले होते. तिला बघून सरळ तिलाच म्हणाले, “आलीस? जेवून घी.” आक्का सवयीनं निरोप पोचवायला पुढं आली होती, ती तशीच मध्ये उभी राहिली.

जेवणं झाल्यावर मी दाजींना खिडकीतल्या त्या बोलण्याबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडं न बघताच उत्तर दिलं.

“मला काय आठवत न्हाई. तापात मानूस कायबी बोलतंय.”

असेल. ताप त्यांना होता. मी आणि शीतल शुद्धीवर होतो.